पिट्युटरीचा मागचा भाग गेला तरी एडीएच येतं कुठून?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. भावाची पिट्युटरीची, म्हणजे मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीची, गाठ नाकातून ऑपरेशन करून काढली, सर्जन म्हणाले मागचा लोब बराचसा गेलाय. पहिले तीन-चार दिवस पाण्यासारखी लघवी, बाटल्याच्या बाटल्या भरत होत्या, मग अचानक ती थांबली, आठव्या दिवशी रक्तातलं सोडियम १२३, म्हणजे बरंच कमी, आलं म्हणून उलट पाणी कमी प्या असं सांगितलं आणि आता दोन महिन्यांनी रात्री एक छोटी गोळी घेऊन सगळं व्यवस्थित आहे. आणि मुलीच्या पुस्तकात एडीएच पिट्युटरीच्या हॉर्मोन्सच्या यादीत आहे, मग जिथे ते बनतं तेच काढून टाकलं तर एवढ्याशा गोळीवर भागतंय कसं, आणि मध्ये पाणी जास्त झालं ते का, हे तुम्हाला कळत नाहीये. मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोन्सची डॉक्टर आहे, पिट्युटरीचे पेशंट रोजचे आहेत, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देते.

मुद्द्याचं पहिलं. एडीएच, म्हणजेच व्हॅसोप्रेसिन, किडनीला पाणी धरून ठेवायला सांगणारं हॉर्मोन, पिट्युटरीत बनतच नाही. ते बनतं वर हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे पिट्युटरीच्या वरच असलेल्या मेंदूच्या भागात, आणि पिट्युटरीचा मागचा लोब हे फक्त त्याचं गोदाम आहे. गोदाम गेलं म्हणजे कारखाना गेला असं नाही, आणि भावाच्या बाबतीत जे जे झालं ते सगळं या एका गोष्टीवरून समजतं.

यादीत ते पिट्युटरीखाली का येतं त्यालाही कारण आहे. १८९५ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर या दोघांनी पिट्युटरीचा अर्क प्राण्यांना टोचला आणि बीपी वाढलं, व्हॅसोप्रेसिन हे नाव त्या बीपीवरूनच. मग १९१३ मध्ये इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन वेल्डेन यांनी, दोघांनी वेगवेगळं, मागच्या लोबचा अर्क दिवसाला बादलीभर लघवी होणाऱ्या पेशंटना दिला तर लघवी कमी झाली. म्हणजे औषध त्या लोबमधून निघतंय, तर बनतही तिथेच असणार असं सगळ्यांनी धरलं. अडचण एकच होती की मायक्रोस्कोपखाली त्या लोबमध्ये ग्रंथीसारख्या पेशीच दिसत नव्हत्या, नुसती नसांची टोकं आणि मधे आधाराच्या पेशी. १९२८ मध्ये अर्न्स्ट शारर या तरुण जर्मन संशोधकाला एका छोट्या माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये असे न्यूरॉन दिसले ज्यांच्या पोटात स्रावाचे थेंब होते, त्याने सांगितलं की हे न्यूरॉन हॉर्मोन बनवत असावेत, आणि लोकांनी ते बरीच वर्षं मनावरच घेतलं नाही कारण न्यूरॉनचं काम सिग्नल पाठवणं, हॉर्मोन बनवणं नाही असं तेव्हा पक्कं मानलं जायचं. त्याची बायको बर्टा शारर हिने झुरळांसारख्या कीटकांमध्ये तीच गोष्ट दाखवली, तीसुद्धा कित्येक वर्षं बिनपगारी, कारण नवरा जिथे नोकरीला तिथे बायकोला पगारी जागा द्यायची नाही असे नियम होते (हे वाचलं की मला अजूनही राग येतो). शेवटी १९४९ मध्ये बार्गमन यांनी एक खास रंग वापरला आणि हायपोथॅलॅमसपासून, त्याला पिट्युटरीशी जोडणाऱ्या देठातून, मागच्या लोबपर्यंत तो माल सलग रंगलेला दिसला. देठ कापला तर कापलेल्या जागेच्या वर माल साचतो आणि खालचा लोब रिकामा होत जातो हेही प्राण्यांमध्ये दिसलं. तिथे वाद संपला.

आता बनतं कसं. हायपोथॅलॅमसमध्ये दोन ठिकाणी मोठ्या आकाराचे न्यूरॉन आहेत, एक सुप्राऑप्टिक न्यूक्लियस, डोळ्यांच्या नसा एकमेकींना क्रॉस करतात त्याच्या जरा वर, आणि दुसरं पॅराव्हेंट्रिक्युलर, तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या म्हणजे मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या एका पोकळीच्या कडेला. व्हॅसोप्रेसिनचा जीन २० व्या क्रोमोसोमवर, ऑक्सिटोसिन (बाळंतपणात कळा आणणारं हॉर्मोन) च्या जीनच्या अगदी शेजारी, आणि दोन्ही हॉर्मोन्सही सख्खी भावंडं, नऊ-नऊ अमिनो ॲसिडची साखळी, फरक फक्त दोन जागांचा. (डुकरांमध्ये आठव्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन असतं, तरी त्यांचं काम चालतं.) पण पेशी थेट नऊ अमिनो ॲसिडचा तुकडा बनवत नाही. आधी १६४ अमिनो ॲसिडची एक लांब साखळी बनते, तिच्यात सुरुवातीला पत्ता सांगणारा तुकडा, मग व्हॅसोप्रेसिन, मग न्यूरोफायसिन नावाचं मोठं प्रोटीन आणि शेवटी कोपेप्टिन. पत्त्याचा तुकडा लगेच कापला जातो, उरलेल्या साखळीची पेशीच्या आत नीट घडी बसते, आणि ही घडी बसवण्यात न्यूरोफायसिनचा मोठा हात असतो, व्हॅसोप्रेसिन त्याच्या खाचेत बसतं. मग ते बारीक पिशव्यांमध्ये म्हणजे ग्रॅन्यूलमध्ये भरलं जातं, आणि गंमत म्हणजे पुढची कापाकापी या पिशव्या प्रवासात असतानाच होत राहते, एन्झाईम आतच असतात. न्यूरॉनची लांब शेपटी, ॲक्सॉन, देठातून खाली मागच्या लोबपर्यंत जाते, तिच्यातून ग्रॅन्यूल खाली सरकतात आणि टोकाशी साठतात. वाटेत काही जागी ते इतके गोळा होतात की ॲक्सॉन फुगतो, त्या फुगवट्यांना हेरिंग बॉडी म्हणतात. सोडताना व्हॅसोप्रेसिन, न्यूरोफायसिन, कोपेप्टिन तिन्ही एकत्रच रक्तात जातात. व्हॅसोप्रेसिन स्वतः रक्तात जेमतेम दहा-वीस मिनिटं टिकतं आणि ट्यूबमध्येही मोजायला भारी कटकटीचं, कोपेप्टिन मात्र टिकाऊ आहे, म्हणून हल्ली जिथे सोय आहे तिथे कोपेप्टिन मोजून एडीएचचा अंदाज घेतात.

घडीबद्दल थोडं जास्त बोलते कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यात भारी भाग तोच आहे. काही घरांत एडीएच कमी पडण्याचा त्रास पिढीजात असतो, तिथे आजोबा, वडील, मुलगा सगळेच रात्री उशाशी मोठा तांब्या घेऊन झोपतात आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, आमच्यात सगळे असेच पाणी पितात म्हणतात. यात बहुतेक वेळा जीनमधला बिघाड व्हॅसोप्रेसिनच्या नऊ अमिनो ॲसिडमध्ये नसतोच, तो न्यूरोफायसिनच्या भागात असतो. जीनची दुसरी कॉपी चांगली असते, म्हणजे हिशोबाने निम्मं हॉर्मोन तरी बनायला हवं आणि निम्म्यात आरामात भागतं. पण बिघडलेल्या साखळीची घडी बसत नाही, ती पेशीच्या आत अडकून साचत जाते आणि काही महिन्यांत-वर्षांत तो न्यूरॉनच मरतो, चांगली कॉपी घेऊन मरतो. म्हणून बाळ जन्मतः एकदम नॉर्मल असतं आणि त्रास सुरू होतो तो पुढे, बऱ्याचदा बालवाडीच्या वयाच्या आसपास. आई सांगते आधी असं नव्हतं आणि ती बरोबर सांगत असते.

आता सोडायचं कधी हे मेंदूला कसं कळतं. रक्तातलं पाणी कमी झालं की रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे रक्त किती घट्ट आहे त्याचा आकडा, वाढते, नॉर्मल साधारण २७५ ते २९५. तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या पुढच्या भिंतीत अशा काही जागा आहेत जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला नेहमीचा पडदा नसतो, तिथल्या पेशींना रक्ताची चव थेट लागते. रक्त घट्ट झालं की पेशीतलं पाणी बाहेर जातं, पेशी आकसते, आकसल्यावर तिच्या भिंतीतले आयन चॅनल उघडतात आणि ती फायर करायला लागते. व्हॅसोप्रेसिनचे न्यूरॉन स्वतःही असेच आकसतात आणि वरून यांचा सिग्नलही येतो. सिग्नल ॲक्सॉनच्या टोकाला पोचला की कॅल्शियम आत, ग्रॅन्यूल बाहेर. १९४७ मध्ये व्हर्नी यांनी कुत्र्यांच्या मानेतल्या कॅरॉटिड आर्टरीत मिठाचं द्रावण सोडून दाखवलं होतं की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात अगदी दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडला तरी लघवी कमी होते. माणसात साधारण २८० च्या खाली एडीएच जवळपास बंद असतं, त्याच्या वर ते वाढत जातं, आणि तहान त्याहून थोड्या वरच्या आकड्याला लागते. हा क्रम महत्त्वाचा आहे. तहान लागण्याआधीच किडनीला निरोप गेलेला असतो, म्हणून आपण दिवसभर दर पाच मिनिटाला पाणी शोधत फिरत नाही.

अजून एक, पाणी प्यायल्यावर ते रक्तात मिसळायला वेळ लागतो, पण उंदरांवरच्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या प्रयोगांत दिसलं की पाणी तोंडात पडताच मिनिटभराच्या आत तहानेचे आणि व्हॅसोप्रेसिनचे न्यूरॉन शांत व्हायला लागतात, रक्तात काहीही बदल झालेला नसताना. पोटात किती जाणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधतो.

दुसरा रस्ता म्हणजे रक्ताचं प्रमाण. जुलाब, रक्तस्राव, भाजणं यात हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांमधले सेन्सर निरोप पाठवतात. हा रस्ता ढिम्म आहे, आठ-दहा टक्के रक्त कमी झाल्याशिवाय हलत नाही, पण एकदा हलला की ऑस्मोलॅलिटीचं काही ऐकत नाही, सोडियम खाली जात असलं तरी एडीएच सोडतच राहतो. शिवाय मळमळ, दुखणं, भूल, ऑपरेशनचा ताण यानेही एडीएच वाढतं, मळमळ तर फार जोरदार. दारूने उलट दाबलं जातं, म्हणून रात्री बसलेली मंडळी सारखी बाथरूमला जातात आणि सकाळी जीभ टाळूला चिकटते.

किडनीचं थोडक्यात. दिवसाला जवळपास १८० लिटर गाळलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं एडीएच असो नसो परत घेतलं जातं, एडीएचच्या हातात शेवटचा टप्पा. कलेक्टिंग डक्ट म्हणजे किडनीतल्या शेवटच्या नळ्या, त्यांच्या पेशींवर व्ही-२ रिसेप्टर असतो, त्याला ते चिकटलं की आत ठेवलेली ॲक्वापोरिन-२ ही पाण्याची छिद्रं पेशीच्या भिंतीत येऊन बसतात आणि पाणी परत आत येतं. ॲक्वापोरिनच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. एडीएच भरपूर असेल तर दिवसाची घाण अर्ध्या लिटरच्या आसपास लघवीत बाहेर काढता येते, अजिबात नसेल तर १५-२० लिटरपर्यंत जाऊ शकते.

आता तुमच्या भावाकडे येऊ. नाकातून गाठ काढताना मागचा लोब आणि देठाचा खालचा भाग दुखावला. न्यूरॉन वर जिवंत आहेत पण धक्का बसल्यामुळे खाली काहीच सोडत नाहीत, म्हणून पहिले काही दिवस धो धो लघवी. मग पाच-सहा दिवसांनी काय होतं, तुटलेल्या ॲक्सॉनची टोकं सडायला लागतात आणि त्यांच्यात साठलेले ग्रॅन्यूल फुटून हॉर्मोन रक्तात गळतं. हे मेंदूने ठरवून सोडलेलं नाही, त्यामुळे थांबवणारं कोणी नाही. रक्त पातळ झालं तरी एडीएच येतच राहतं, किडनी पाणी धरून ठेवते, आणि अशा वेळी माणूस आधीच्या सवयीने तांब्याच्या तांब्या पाणी पीत राहिला किंवा सलाईन चालू राहिलं की सोडियम पडतं. १२३ हे असं आलं. म्हणून तर घरी सोडतानाच आम्ही सांगतो की सातव्या-आठव्या दिवशी सोडियम करून रिपोर्ट पाठवा, आणि दर वेळी काही पेशंट आता लघवी कमी झाली, बरं वाटतंय म्हणून ती टेस्टच करत नाहीत. नेमकं तेव्हाच करायची असते.

गळून गोदाम रिकामं झालं की तिसरा टप्पा, पुढे काय होणार ते ठरतं वर किती न्यूरॉन वाचले यावर. देठ जितका वरून तुटेल तितके जास्त न्यूरॉन मरतात. खालून तुटला तर बरेच वाचतात आणि वाचलेले ॲक्सॉन देठाच्या उरलेल्या टोकाशीच नवीन टोकं फोडून तिथल्या रक्तवाहिन्यांमध्ये हॉर्मोन सोडायला लागतात. कायमचा आणि मोठा त्रास व्हायला ८०-९० टक्के न्यूरॉन जावे लागतात. भावाचं एका छोट्या गोळीवर भागतंय म्हणजे त्याचे बरेच न्यूरॉन शाबूत आहेत असा माझा अंदाज, अर्थात रिपोर्ट न बघता यापेक्षा जास्त बोलणार नाही. आणि पुढच्या एमआरआयमध्ये मागच्या लोबच्या जागी दिसणारा चमकता ठिपका तिथे नसून देठाच्या वरच्या टोकाला दिसतोय असं लिहून आलं तर घाबरू नका, साठा आता तिथे होतोय एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनाच हे तीन टप्पे होतात असंही नाही, बहुतेकांना पहिलाच होतो आणि निवळतो, काहींना थेट मधलाच.

याच कारणाने दुसरी एक गोष्ट आपल्याकडे बघायला मिळते. घोणस चावून वाचलेले पेशंट किंवा बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बायका, यांचा पिट्युटरीचा पुढचा लोब मरतो, थायरॉईड, कॉर्टिसॉल, पाळी सगळं जातं, पण लघवीचा त्रास सहसा होत नाही. मागच्या लोबचा रक्तपुरवठा वेगळा आणि हॉर्मोन बनवणारे न्यूरॉन तर वरच. एक सावधगिरी मात्र: कॉर्टिसॉल कमी असेल तर एडीएचची कमतरता झाकली जाते, किडनीला जास्तीचं पाणी बाहेर टाकताच येत नाही. कॉर्टिसॉलची गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी वाढली तर ती गोळीची रिॲक्शन समजून गोळी बंद करू नका, आधीपासून असलेला त्रास उघडा पडलाय.

गोळीबद्दल. डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनचंच थोडं बदललेलं रूप, १९६७ मध्ये प्रागच्या केमिस्टांनी बनवलेलं, पहिल्या आणि आठव्या जागी बदल, त्यामुळे बीपीवर परिणाम जवळपास नाही आणि टिकतं बरेच तास. पण त्याला रक्ताची ऑस्मोलॅलिटी कळत नाही, ते आपलं काम करत राहतं. त्यामुळे गोळीवर असताना तहान हीच मोजपट्टी, तहानेपेक्षा जास्त पाणी नको. दिवसाला चार लिटर पाणी प्या वगैरे फॉरवर्ड येतात ते या माणसाने वाचूच नयेत. कमी सोडियमची लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, मग फिट. आठवड्यातून एकदा पुढची गोळी थोडी उशिरा घ्यायची, भरपूर पाण्यासारखी लघवी सुरू झाली की मगच घ्यायची, म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं, ही पद्धत आम्ही बऱ्याच पेशंटना सांगतो, तुमच्या डॉक्टरांना विचारून करा.

आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या कारणासाठी ॲडमिट व्हावं लागलं, साधं हाडाचं ऑपरेशन असो की डेंग्यू, तर ही गोळी बंद करू द्यायची नाही, उपाशी ठेवलं असेल तर इंजेक्शन किंवा स्प्रे द्यायला सांगायचं. या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात, त्यातला डायबेटिस शब्द ऐकून वॉर्डात शुगर तपासत बसतात, ती नॉर्मल येते आणि गोळी राहून जाते, त्यातून जगभरात पेशंट दगावले आहेत. म्हणूनच २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून याचं नाव बदलून व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी केलं. भावाच्या पाकिटात दोन्ही नावं, गोळीचा डोस आणि तुमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड असू द्या. गोळी कायमची लागेल का असं तुम्ही शेवटी विचारलंय, तर दोन महिन्यांत ते ठरवायची घाई नको, पहिल्या वर्षात बरेच जण सुधारतात. पुढच्या व्हिजिटला जाताना सकाळचं सोडियम आणि एका दिवसाची पाणी-लघवी मोजलेली वही घेऊन जा, डोस कमी करून बघता येईल का ते त्यावरूनच कळेल.